माफ करायचा हक्क

अपघात झाला तेव्हा मी धड रस्त्यावरही नव्हते. हायवेच्या फाट्यावर, चहाच्या टपरीच्या बाजूला कच्च्या जमिनीवर उभी राहून बोथकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होते. सोयाबीनची पोती भरलेला एक टेंपो मागे घेतला जात होता. त्यानं आधी टपरीचा खांब पाडला, मग माझा डावा पाय चाकाखाली आला. दुखायला लागलं ते जरा वेळानं. आधी फक्त एवढंच दिसलं की पलीकडे एक चप्पल पडली आहे आणि ती माझी आहे. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कपाशीच्या शेतातून पळत सुटला.

आदिलाबादच्या दवाखान्यात पाय बांधला, मग नागपूरला ऑपरेशन झालं. गुडघ्याखाली सळई टाकली. बोथला आमचं किराण्याचं दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे घर. मुलगी हॉस्टेलवर शिकायला. तेव्हा दुकान, स्वयंपाक आणि मी, सगळंच नवऱ्याच्या अंगावर पडलं. तो सकाळी मला खुर्चीत बसवून द्यायचा आणि गिऱ्हाईक आलं की डाळ मोजता मोजता आतून माझा आवाज येतो का ते ऐकायचा.

दाव्यासाठी आम्ही आदिलाबादचे एक वकील धरले. ते मूळचे भीमपूरकडचे. कोर्टात तेलुगू बोलायचे, आमच्याशी घरच्यासारखं मराठी. तारखा पडत गेल्या. टेंपोचा विमा होता म्हणून विमा कंपनीचाही वकील उभा राहायचा. गाडीमालक एकदाच आला होता, मागच्या बाकाजवळ उभा राहिला आणि न बोलता गेला. मी त्याचा चेहराही नीट पाहिला नव्हता.

निकाल लागला तेव्हा वकील म्हणाले, कंपनी आधी तुम्हाला देईल, मग गाडीमालकाकडून वसूल करील. मी त्या वाक्याचा पहिला अर्धा भागच ऐकला. दुसरा माझ्या कामाचा आहे असं वाटलंच नाही. काही रक्कम खात्यात आली, बाकीची कोर्टानं माझ्या नावानं बँकेत मुदतीनं ठेवायला लावली. दवाखान्याची उधारी फिटली. आता संपलं, असं मला वाटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो माणूस दुकानात यायला लागला.

पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं गूळ मागितला. गूळ आतल्या खोलीत ठेवलेला असतो. मी उठले, आत गेले, ढेप फोडून आणली. त्यानं पैसे दिले आणि मोटारसायकलवर बसून गेला. आठवड्यानं परत आला आणि खराटा मागितला. खराटे मागच्या भिंतीला टांगलेले. मी खराटा घेऊन वळले तेव्हा लक्षात आलं की हा माझ्या तोंडाकडे पाहत नाही. त्याची नजर पायाशी होती. मी गल्ल्यापर्यंत येईस्तोवर ती माझ्या पावलाबरोबर सरकत आली.

बायकांना नजरा कळतात. पण ही नजर तसली नव्हती. बाजारात बैल विकत घेणारा माणूस जनावराला थोडं चालवून पाहतो, तशी होती. म्हणून मला जास्त भीती वाटली.

मला वाटलं, हा कंपनीचा माणूस आहे. पैसे दिल्यावर बाई खरंच लंगडते का हे पाहायला पाठवलाय. अशी माणसं पाठवतात हे मी कुठंतरी ऐकलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला काहीतरीच वाटतं. पण तो माणूस पुढच्या खेपेला आला तेव्हा नवरा स्वतः आत पोती लावत होता, त्यानं दाराआडून पाहिलं. माणूस गेल्यावर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"हा कंपनीचा नाई," तो म्हणाला. "हा टेंपोवाला हाय. कोर्टात आल्ता तो."

मी विचारलं की मग तो आपल्या दुकानात काय करतो. पोलिसात जावं म्हटलं तर तक्रार काय द्यायची? एक माणूस येतो, गूळ घेतो, पैसे देतो आणि जातो.

त्या दिवसापासून मोटारसायकलचा आवाज आला की माझा हात तराजूवरच थांबायचा. नवरा माल आणायला आदिलाबादला गेला की मी अर्धं शटर खाली ओढून बसायची. तरी तो यायचा. वाकून आत पाहायचा आणि कायतरी मागायचा. काडेपेटी, चुना, उदबत्ती. उठावं लागेल असंच काहीतरी. मी एकदा काडेपेट्या गल्ल्याजवळ आणून ठेवल्या, तर त्यानं वरच्या फळीवरचा कंदिलाची काच मागितली. आमच्याकडे ती नव्हतीच, पण पाहते म्हणून मी उठले, कारण नाही म्हणायलाही भीती वाटत होती.

आणि मग एक गोष्ट झाली, ती मी बरेच दिवस नवऱ्यालाही सांगितली नव्हती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मी अंगणात फेऱ्या मारायची. एका सकाळी वाळत घातलेले कपडे काढून आत येत होते आणि मधेच ध्यानात आलं, मी सरळ चालते आहे. पाय ओढत नाही. इतक्या महिन्यांनी असं झालं होतं, आनंद व्हायला हवा होता. मी मात्र हातात कपडे धरून तिथंच उभी राहिले आणि रस्त्याकडे पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. माझा पाय बरा झाला तर माझ्याकडून सगळं परत घेतील, हे मला अगदी खरं वाटत होतं. मी काठी परत हातात घेतली. तो आला की काठीवर जास्त भार द्यायची. पुढे पुढे तर मलाच कळेना की खरं दुखणं किती आणि भीतीनं ओढलेला पाय किती. थंडीच्या दिवसांत सळई ठणकायची ते खोटं नव्हतं. पण रात्री झोपताना वाटायचं, आज त्याला पटलं असेल का?

शेवटी एका दुपारी तो बोलला. नवरा दुकानातच होता, बरं झालं. तो माणूस बाहेरच्या बाकावर बसला, डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. पन्नाशीचा असेल. जवळून पाहिल्यावर दिसलं की त्याच्या दाढीचे खुंट पांढरे आहेत.

"बाई, तुमाले कंपनीनं देल्ले ना?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"आता कंपनी माह्याकडून घेऊन राह्यली. गाडी माही, विमा माह्या गाडीचा, हप्ते म्या भरले. अन् वसूलही माह्याचकडून. हे काऊन, मले कोणी समजून सांगत नाई."

त्याचा आवाज चढला नाही. कोर्टाचा अमीन जप्तीला येईल असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. अमीन म्हणजे कोर्टाचा हुकूम घेऊन दारात येणारा माणूस. गाडी जाईल, मग घरावर येतील, असं त्यानं सांगितलं. ड्रायव्हर त्याच्या बहिणीचा मुलगा होता, तो पळाला तो अजून घरी आलेला नव्हता. मग तो मुद्द्यावर आला.

"तुमी मले एक लिहून द्या. माह्याबद्दल तुमची तक्रार नाई, तुमी माफ केलं म्हणून. जिले लागलं तिनंच सोडलं, तर कंपनी काय करते?"

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला हवं. मला हलकं वाटलं. एवढंच हवं होतं याला! त्यानं कागद पुढे केला असता तर मी त्याच क्षणी सही केली असती. तो परत आला नाही तर बस, दुसरं काहीच मला नको होतं. पण नवरा पडला सावध. तो म्हणाला, "भाऊ, आमाले एकदा वकिलाले विचारू द्या. तुमीही या." दिवस ठरला.

आदिलाबादला वकिलांच्या ऑफिसात आम्ही तिघं त्यांच्या टेबलासमोर बसलो. मधल्या खुर्चीवर मी, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला तो. इतक्या जवळ तो कधी बसला नव्हता. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. फाट्यावर पडले होते तेव्हा हाच वास नाकात गेला होता. मला उठून जावंसं वाटलं.

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून बोलले. ते म्हणाले की मला लागलं, म्हणून गाडीमालकाकडून भरपाई मागायचा हक्क माझा होता. कंपनीनं त्याच्याऐवजी मला पैसे दिले तेव्हा तो हक्क कंपनीकडे गेला. आता मागणारी मी नाही. माझ्या जागी कंपनी उभी आहे.

"तुमी माफ केलं म्हणाल," ते म्हणाले, "पण माफ करायले तुमच्यापाशी आता काईच राह्यलं नाई. ते कंपनीपाशी हाय."

माझ्या बाजूच्या माणसानं विचारलं, "मंग विमा कायचा?"

वकिलांनी त्यालाही समजावून सांगितलं. अपघाताच्या दिवशी ड्रायव्हरच्या लायसनची मुदत संपलेली होती. विम्याची अटच अशी की चालवणाऱ्याकडे चालू लायसन पाहिजे. म्हणून कंपनी कोर्टात म्हणाली, आमची जबाबदारी नाही. कोर्ट म्हणालं, तुमच्या भांडणात लागलेल्या बाईला ताटकळत ठेवू नका, तिला आधी द्या, मग मालकाकडून घ्या. विमा होता म्हणून मला लवकर मिळाले. त्याच्यासाठी मात्र तो विमा नसल्यासारखाच होता.

त्याला हे आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. वकिलांनी त्याला सल्लाही दिला. जप्तीची वाट पाहू नका, कंपनीच्या ऑफिसात स्वतः जा, हप्ते मागा, कधीकधी ऐकतात. मग माझ्याकडे वळून म्हणाले की कोणत्याही कागदावर सही करायची नाही. कंपनीची वसुली चालू असताना मी त्याच्या बाजूनं असं काही लिहून दिलं, तर आम्ही दोघं मिळालेले आहोत असं कंपनीचा वकील म्हणू शकतो आणि मग मलाही परत कोर्टात ओढतील.

हे ऐकून मी पदर घट्ट धरला. इतके दिवस मला त्या माणसाची भीती होती. आता मला माझ्या स्वतःच्या सहीची भीती वाटायला लागली.

परत येताना तोही आमच्याच बसमध्ये होता. पुढच्या सीटवर बसला. गुडीहतनूरला त्याला उटनूरच्या गाडीसाठी उतरायचं होतं. उतरताना मागे वळून पाहील, काहीतरी बोलेल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यानं पाहिलं नाही. खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बस हलली तरी तो तसाच उभा होता.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो यायचा तेव्हा त्याला माझ्याकडून काहीतरी मिळण्याची आशा होती. आता आशा संपलेला माणूस काय करील हे मला कसं कळणार? तो गळ्याला दोर लावेल असंही मनात यायचं आणि आपल्या दुकानाला आग लावेल असंही. दोन्ही एकाच दुपारी. टेंपोचा आवाज आला की मी आत जायची. नवऱ्यानं गल्ल्यापुढे लोखंडी जाळी बसवून घेतली. गिऱ्हाईक जाळीतून हात घालून सामान घ्यायचे आणि हसायचे, बँकेसारखं केलं म्हणायचे. मीही हसायची.

उन्हाळा लागता लागता मी नवऱ्याला म्हटलं, आपण त्याच्या गावाला जाऊन येऊ. तो म्हणाला, तुझं डोकं फिरलं का. मी म्हटलं, तो जिवंत हाय का मेला, एवढं तरी पाहू. न कळण्यात मी मरून राह्यले. दाव्याच्या कागदांत गावाचं नाव होतंच. उटनूरच्या रस्त्यावरचं छोटं गाव, दोन्ही बाजूंनी सागाचं रान, पानं गळून सगळं उघडं पडलेलं. बसमधून उतरल्यावर मी नवऱ्याचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

घर शोधायला वेळ लागला नाही. दारात त्याची बायको ज्वारी पाखडत होती. टेंपो कुठं दिसला नाही. आम्ही बोथचे म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. ती तशीच उभी राहिली, मला वाटलं आता ओरडेल.

"तुमी त्या दुकानवाल्या बाई ना," ती म्हणाली. "या. आत या."

तिनं खाटेवर गोधडी टाकली, चहा ठेवला. तिचा नवरा कुठं आहे ते तिनंच सांगितलं. तो कंपनीच्या ऑफिसात चार खेपा घालून आला होता. शेवटी त्यांनी हप्ते बांधून दिले. टेंपो विकून पहिला हप्ता भरला. आता तो आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतो आणि बाजाराच्या दिवशी घरी येतो. एवढं ऐकल्यावर मला जरा श्वास आला. माणूस जिवंत होता.

मग मी तिला विचारलं. धीर करून विचारलं, कारण हे विचारायलाही मी आले होते. तो माझ्या दुकानात येऊन माझे पाय का पाहायचा?

ती चुलीशी बसली होती. तिनं चहा गाळला आणि आमच्या हातात दिला.

"ते मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "घरी येऊन सांगत. आज बाई बरी चालली. आज लई लंगडली. ज्या दिवशी बरी चालली म्हणत ना, त्या दिवशी पोटभर जेवत. नाईतर ताटावरून उठून जात."

चहाचा पेला माझ्या हातात कलंडला, साडीवर थोडा सांडला. नवऱ्यानं तो काढून घेतला. मी किती दिवस त्याच्यासमोर काठीवर भार देऊन चालले होते, ते फक्त मला आणि नवऱ्याला ठाऊक होतं. तो माझं लंगडणं खोटं निघावं म्हणून पाहत होता की मी बरी व्हावी म्हणून, हे मी तिला विचारलं नाही. तिलाही ते सांगता आलं असतं असं वाटत नाही.

आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. तिनं माझा हात धरला. तिची बोटं ज्वारीच्या कोंड्यानं खरबरीत झाली होती.

"लिहून देता येत नाई, ते त्याईनं सांगतलं मले," ती म्हणाली. "पण तोंडानं तर म्हणा. माफ केलं म्हणून. मी सांगीन त्याईले."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत वकिलांचे शब्द होते, मला ते स्पष्ट दिसले. एवढं साधं वाक्य, आणि मला वाटत होतं की कुठंतरी कोणीतरी ते टिपून घेतंय. शेजारच्या घराचं दार उघडं होतं, मी तिकडेही पाहून घेतलं.

"माफ केलं," मी म्हटलं. इतक्या हळू की तिला ऐकू आलं का, मला शंका वाटली. तिनं मान हलवली आणि हात सोडला.

बसमध्ये नवरा खिडकीबाहेर पाहत बसला. मीच त्याला विचारत होते, तोंडानं बोललेलं धरतात का, तिनं कोणाला सांगितलं तर काय, कंपनीच्या कानावर गेलं तर? घरी आल्यावर दोन दिवस मला धड झोप लागली नाही. शेवटी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, घरात बोललेल्या शब्दानं कंपनीचं काही बिघडत नाही आणि गाडीमालकाचं काही सुटतही नाही, तुम्ही निवांत राहा. निवांत राहायचं कसं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पाय पुढे बराच सुधारला. काठी मी दाराआड ठेवली आहे, टाकून दिलेली नाही. जाळी अजून तशीच आहे. तो माणूस मला आदिलाबादच्या बस स्टँडवर एकदा दुरून दिसला, डोक्याला कापसाचे तंतू चिकटलेले, केळी विकत घेत होता. मी खांबाआड झाले. त्यानं मला पाहिलं असतं तर माझ्याजवळ येऊन काय बोलला असता कोण जाणे.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याची बायको दुकानात आली. पिशवीत सीताफळं होती, घराच्या मागच्या झाडाची. मी तिला आत बसवलं, चिवडा दिला. ती मुलीच्या कॉलेजबद्दल विचारत राहिली, मी तिच्या ज्वारीबद्दल. कंपनीचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. जायला उठली तेव्हा पदर डोक्यावर घेत तिनं सहज विचारलं,

"तुमचं ते बँकेतलं सुटलं का, बाई?"

मी म्हटलं, अजून नाही, मुदत आहे.

"सुटलं की कळवा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

हे तिनं का विचारलं असेल, याचा मी खूप विचार केला. आपलं माणूस विचारतं तसं विचारलं असेल. नवराही तेच म्हणतो. सीताफळं मी तांदळात पिकायला ठेवली, पिकल्यावर आम्ही खाल्ली, गोड निघाली. मुदत पुढच्या वर्षी संपते आहे. त्या दिवशी बँकेत एकटी जायचं नाही, असं मी आत्तापासूनच नवऱ्याला सांगून ठेवलं आहे.